भिंत आणि डोकं यांच्यामधली बोटं

माझा आजार मला आधी शर्टात दिसला, अंगात नंतर.

मी टेलर आहे. तिसगावच्या पेठेत माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. त्यात कटिंगचं टेबल, दोन मशीन आणि एक उभा आरसा. सात वर्षांपूर्वी दिवाळीला स्वतःसाठी एक शर्ट शिवला, नेहमीच्याच मापाचा. घालून आरशापुढे आडवा उभा राहिलो, तर मागचा घेर वर चढलेला आणि पुढचा खाली लोंबतोय. मी कापडाला दोष दिला. उसवून पुन्हा शिवला, पुन्हा तेच. मग कापडवाल्याला शिव्या घातल्या.

खरं तर धंद्यातल्या कुणालाही हे एका नजरेत कळतं. गिऱ्हाईकाला पोक आलेलं असलं की शर्ट असाच बसतो. त्यावर आमची एक रीत आहे. पोक आलंय हे माणसाला तोंडाने सांगायचं नाही. गुपचूप माप घ्यायचं, मागचा भाग दीड-दोन इंच लांब कापायचा, पुढचा तेवढा कमी करायचा. माणूस शर्ट घालतो, फिटिंग झकास झाली म्हणतो आणि खुशीत जातो. अशी पन्नास तरी माणसं मी सांभाळली असतील. स्वतःचं पोक मात्र मला दिसलं नाही.

हे लिहितोय ते बरा झालो म्हणून नाही. बरा झालेलो नाही, होणारही नाही. सकाळी उठताना ज्यांची पाठ लाकडासारखी ताठ असते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सुटते, त्यांच्यातल्या एखाद्याने तरी हे वेळेवर वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय.

टाच

मंदा, माझी बायको, पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पाठीत उसण भरली, चमक निघाली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. मंदा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या स्वयंपाकाच्या आधी तिच्या टाचेचं नाव झालं. दुकानाच्या मागेच आमचं घर. रविवारी सकाळी माणूस उंबऱ्याशी पालथा झोपायचा आणि मंदा अवाक्षर न बोलता डावी टाच त्याच्या पाठीवरून तीनदा दाबत न्यायची. त्याचं काही घ्यायचं नाही, समोरच्याने आभारही मानायचे नाहीत. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आदल्या आठवड्यात बायकांची रांग लागायची. हंगाम संपवून परत आल्या की मोळ्या वाहून आखडलेल्या पाठी घेऊन त्याच बायका पुन्हा यायच्या.

माझी पाठ धरायला लागली तेव्हा मी तिशीत होतो. सगळे म्हणाले, दिवसभर मशीनवर वाकून बसतोस, दुसरं काय होणार. मलाही ते पटलं. आणि घरात एवढी नावाजलेली टाच असताना डॉक्टरकडे कोण जातो? दर रविवारी मी उंबऱ्याशी पालथा. पुढे पुढे तर रोज सकाळी. आणि खरंच, दहा-साडेदहापर्यंत पाठ मोकळी व्हायची. मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो की आमच्याकडे घरचा दवाखाना आहे.

फार उशिरा कळलं की या आजाराची चालच तशी आहे. पाठ सकाळी आखडते आणि माणूस हिंडू-फिरू लागला की आपोआप सुटते. टाच लावली काय आणि न लावली काय, साडेदहाला ती सुटणारच होती. आठ-नऊ वर्षं आम्ही श्रेय टाचेला दिलं आणि तेवढ्या वर्षांत आतमध्ये माझे मणके एकमेकांना जोडले जात राहिले.

मी मंदाला दोष देत नाही. हे वाक्य मी तिला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते दोष दिल्यासारखंच लागतं, असं ती म्हणते.

उसवता येतं का

झालं असं की माझा डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळा तपासला आणि विचारलं, "सकाळी पाठ आखडते का?" मी मंदाकडे बघितलं. डोळ्यांचा माणूस पाठीचं का विचारतोय, हे दोघांनाही कळेना. त्यांनी चिठ्ठी दिली आणि सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे रक्त घेतलं, फोटो काढले, आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

डॉक्टर तरुण होते. फोटो काचेवर लावून त्यांनी नाव सांगितलं. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मी ते तीनदा म्हणायला लावलं. मग ते सोप्या भाषेत म्हणाले, "मणक्यांचा संधिवात. मणक्यांमधल्या फटी भरत जातात आणि हाडं जुळतात. तुमची कमरेची जुळलेली आहेत. आता वर सरकतंय. डोळा लाल झाला तोही यानेच."

सगळा जन्म दोन तुकडे एकत्र जोडण्यात गेलेला माणूस मी. तोंडातून निघून गेलं, "उसवता येतं का?"

ते हसले नाहीत. "नाही. जुळलेलं उसवत नाही. औषधाने पुढचं जुळणं हळू करता येतं. तेही प्रत्येकाचं होतंच असं नाही."

त्यानंतर आजवरच्या उपचारांबद्दल त्यांनी विचारलं. मी अर्धवट हसत टाचेचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मंदाकडे वळले. "ताई, असा मणका खडूसारखा झालेला असतो. मोडला असता तर हे जागेवरून उठले नसते. कुणी सांगितले हे उद्योग करायला?"

मंदा मांडीवर पिशवी धरून बसली होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. करंजीच्या घाटात मी खाली बघितलं तर तिने डावा पाय उजव्या पायामागे घेऊन साडीत झाकला होता. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी माझ्याच दुःखात होतो, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं की दोष द्यायला कुणीतरी सापडलं.

माझ्या पायानं

पुढच्या रविवारी मंदाने उंबऱ्याशी कुणाला झोपू दिलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

कौसाकाकू आमच्या गल्लीतल्या. वीस वर्षं ऊसतोडीला जातात. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी आल्या. मी टेबलावर कापडावर खडू मारत होतो. दार उघडंच होतं.

"मंदे, उद्या गाडी हाय. येवढा पाय लाव अन् मोकळी कर मला."

"न्हाई काकू. बंद केलंय मी. दवाखान्यात जावा."

"आगं मुकादम थांबतुय व्हय माझ्या पाठीसाठी? तुझ्या पायावर माझं सा महिनं निघत्यात, पोरी."

"माझ्या पायानं काय हुतंय ते बगायचंय? त्ये बगा तिकडं. टेबलापशी हुबं हायती."

कौसाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी म्हणायला हवं होतं की काकू, तिच्या पायाने काही झालेलं नाही, हा आजार माझ्या रक्तातच होता. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत तसं स्पष्ट सांगितलं होतं, की टाचेने आजार झाला नाही, फक्त वेळ गेला. मला ते ठाऊक होतं. मी खडू मारत राहिलो. काकू कमरेवर हात ठेवून निघून गेल्या. ही या सगळ्या वर्षांतली माझी सगळ्यात वाईट वागणूक, आणि ती आजाराने करायला लावली असं म्हणायची सोय नाही.

तेव्हापासून मंदाने मला हातही लावणं सोडलं. मलमाची ट्यूब उशीशी ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायची. पूजा, आमची मुलगी, तेव्हा दहावीला होती. ती एकदा म्हणाली, "तुमी दोघं भांडत का नाही? भांडा तरी." भांडायला निदान एकमेकांकडे बघावं लागतं.

बारा दिवस

इंजेक्शनांनी दुखणं निम्म्यावर आलं, पण मान पुढे यायची थांबेना. शेवटी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात बारा दिवस दाखल केलं. तिथली फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंना मी इथे तांबोळी मॅडम म्हणतो, नाव बदललंय. चणीने लहान, पण हात पैलवानाचे.

सहाला चहा. सातला गरम पाण्याच्या पिशव्या. आठला मॅडम. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी हात, मग हालचाल. छातीची पुढची बाजू, काख, गळ्याच्या शिरांच्या बाजूचे स्नायू, जांघेच्या वर, जिथे जिथे शरीर पुढे ओढलं जातं तिथे अंगठा टेकवायच्या आणि थांबायच्या. रगडणं नाही, तुडवणं तर नाहीच. अंगठ्याखालची गाठ आपणहून सैल होईपर्यंत नुसतं थांबणं. डोळ्यांत पाणी यायचं इतकं दुखायचं. ती सैल झाली की लगेच, दम न खाऊ देता, उठवून भिंतीशी उभं करायच्या. हात वर, खांदे मागे, हनुवटी आत, श्वास भरून छाती उघडी.

मी विचारलं, "जरा वेळाने केलं तर चालणार नाही का?"

"तुम्ही इस्त्री कशी करता? पाणी शिंपडून अर्ध्या तासाने फिरवता का?"

मला समजलं. हातांनी मोकळं केलेलं अंग लगेच वापरलं नाही तर तासाभरात होतं तिथे परत येतं. आणि हातांनी मोकळं न करता नुसता व्यायाम केला तर आखडलेलं अंग आखडूनच हलतं. एकाला दुसऱ्याशिवाय अर्थ नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, कंबर भिंतीला. डोकं मात्र भिंतीला टेकेना. मी जीव खाऊन मागे रेटलं. मॅडमनी डोकं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बाजूने बोटं घातली. एका हाताची चार बोटं बसली. मग दुसरा हात आणून त्याचं एक बोट घातलं.

"पाच," त्या म्हणाल्या. "आता नीट ऐका. हाडं जुळणं माझ्या हातात नाही. ती कशी जुळावीत, यात थोडा हात घालता येतो. ताठ जुळली तर ताठ राहाल, समोरच्याचं तोंड दिसेल. वाकून जुळली तर जन्मभर स्वतःचे पाय बघाल. आपली लढाई एवढ्या पाच बोटांची आहे."

पाठ वाचवायची नव्हतीच. ती कशी गमवायची तेवढं ठरवायचं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आण्णा

माझ्या शेजारच्या खाटेवर पुणतांब्याचे एक शेतकरी होते. वय पासष्टच्या पुढे. सगळे त्यांना आण्णा म्हणत. दाखल झाले होते श्वासाच्या त्रासासाठी, पण मूळ आजार माझाच, पंचवीस वर्षांचा जुना. कमरेतून आणि मानेतून इतके वाकलेले की उभे राहिले तरी त्यांना फक्त फरशी दिसायची. माणसं ते चपलांवरून ओळखत.

"तुमी नवीन दिसता. पट्टा तुटल्याला हाय चपलेचा, डाव्या."

मी टेलर आहे म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. "मग एक काम करा माझं. मला कुठला शर्ट बसत न्हाई. फुडनं मांडीवर येतुय, मागनं कंबर उघडी. थंडीत मागनं लई वारं लागतं."

मी टेप काढला. तो माझ्या पिशवीत कायम असतो. मागची उंची तेहेतीस इंच, पुढची बावीस. एवढा फरक मी आयुष्यात लिहिला नव्हता. लिहिताना मी माझंच काही वर्षांनंतरचं माप लिहीत असल्यासारखं वाटत होतं.

"आण्णा, तुम्हाला कुणी भिंतीशी उभं नाही केलं?"

"कोन करनार? मला कुनी सांगितलंच न्हाई. मी आपला पोटाशी पाय घिऊन निजायचो, तसं बरं वाटायचं. हाडं तशीच जुळली."

घरी आल्यावर त्यांचा शर्ट शिवला आणि पुढच्या तपासणीच्या वेळी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तिथेच घातला. मागे हात नेऊन घेर चाचपला. "आता न्हाई लागनार वारं," म्हणाले. त्यांना मान वर करता येईना, मला खाली वाकता येईना. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा होता ते मी बघू शकलो नाही, याची चुटपुट अजून आहे.

अंगठा

आठव्या दिवशी मॅडमनी मंदाला बोलावून घेतलं. "ताई, इकडे या. हात द्या. घरी हे तुम्हालाच करायचंय."

मंदा दारातच थांबली. "मी नको मॅडम. माझ्यानं बिघाडतं."

"कुणी सांगितलं?"

मॅडमनी तिचा हात धरून आणला, माझ्या छातीवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. "टाचेत जोर होता ना? तो इथे नको. इथे फक्त अंगठा टेकवायचा आणि वाट बघायची."

पाच महिन्यांत तिचा पहिला स्पर्श. हात गार होता. मी म्हणालो, "मंदा, तुझ्या पायाने झालेलं नाही गं हे." जे कौसाकाकूंसमोर म्हणायचं होतं ते इतक्या उशिरा. ती रडायला लागली, मग मीही. मॅडम म्हणाल्या, "रडा, पण अंगठा काढू नका."

तीन

घरी येताना चार बोटं होती. रोज सकाळी सहाला मंदाचे हात, मग पालथं झोपून हात उचलणं, मग भिंत. शेवटी ती फटीत बोटं घालून मोजायची. चार महिन्यांनी एक दिवस म्हणाली, "अवो, तीनच!" मी तिला तीनदा मोजायला लावलं. त्या दिवशी मान वर करून मला एसटीची पाटी पूर्ण वाचता आली. मंदाने शिरा केला. या आजारातला आनंदाचा दिवस कुणी विचारला तर तो हा. दुसरा नाही.

मग जून आला. गणवेशांचा सीझन. आजूबाजूच्या शाळांचे कपडे आमच्याकडे असतात, आणि टेलरने जूनमध्ये शब्द पाळला नाही तर पुढच्या जूनमध्ये त्याच्याकडे कुणी येत नाही. मी सकाळी सहापासून मशीनवर बसू लागलो. मंदा रोज म्हणायची, "अंगठा तरी लावू द्या." मी म्हणायचो, पंधरा तारखेनंतर डबल करू. पंधरा तारीख गेली, तीस गेली. वाकून बसल्यावर दुखत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात फसवं. पोटाशी पाय घेतल्यावर आण्णांनाही बरंच वाटत होतं.

जुलैत जोराचा झटका आला. ताप, मान हलेना, तीन आठवडे अंथरुणावर. डोक्याखाली दोन उशा घेतल्या, कारण त्याशिवाय डोकं टेकत नव्हतं. मॅडमनी नको म्हणून बजावलेली नेमकी तीच गोष्ट. उठलो तेव्हा मान तिथेच राहिली होती.

तांबोळी मॅडमनी बराच वेळ गळ्यापाशी अंगठा धरून ठेवला. मग हात काढला. "इथे आता हाताला मऊ काही लागत नाही," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चारच

त्यानंतर रोज सकाळी मंदा मोजायची आणि म्हणायची, "चारच हाय."

दोन वर्षं चारच.

मधल्या काळात काय काय गेलं ते सांगतो. पेल्यातला शेवटचा घोट गेला, कारण त्याला मान मागे टाकावी लागते. मी पाणी अर्धवट ठेवतो आणि लोकांना वाटतं माज आलाय. हनुवटीखालची दाढी गेली, ती मंदा करते. मोटरसायकल गेली. उंच गिऱ्हाइकाची कॉलर मोजता येत नाही, म्हणून दुकानात स्टूल ठेवलंय, आधी बसा म्हणतो. काही जण उभ्याउभ्या बोलतात तेव्हा मी त्यांच्या खिशाशी बोलतो. झोपल्यावर छत दिसत नाही, समोरची भिंत दिसते. आणि रोज सकाळी उठून एक तास करायचं ते करतो. केलं नसतं तर आणखी वाईट झालं असतं, असं डॉक्टर म्हणतात. ते कुणीच बघितलेलं नाही.

या दिवाळीला मला शर्ट हवा होता. टेलरला स्वतःच्या पाठीचं माप घेता येत नाही. मी जुना शर्ट घातला, आरशापुढे आडवा राहिलो आणि मागचा घेर किती चढलाय ते फोनने फोटो काढून मोजलं. मग मापांची वही उघडली. पुढची आणि मागची उंची लिहिली. सहज पाने मागे नेली आणि आण्णांचं पान काढलं. अजून त्यांच्याइतका नाही, पण आता त्याच वाटेवर आहे. एवढा फरक चार बोटांत पडत नाही. हे मला कापड सांगत होतं, आणि कापडाला माझी कीव करायचं कारण नाही.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाच मोजायला मॅडमना दुसरा हात लागला होता. मंदाने या दोन वर्षांत दुसरा हात कधी आणलाच नव्हता. चार बोटं बसली की ती "चारच" म्हणायची. पुढची फट ती मोजतच नव्हती.

मी तिला काही बोललो नाही. बोलणार काय? वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना तेच करत आलो. मागचा भाग लांब कापला, पुढचा कमी केला, आणि गप्प बसलो.

आमच्या दुकानात काजं-बटणं मंदा करते. दुपारी तिने शर्ट उचलला, मांडीवर पसरला, आणि घडी घालायला दोन्ही घेर जुळवले. ते जुळले नाहीत. तिने पुन्हा जुळवले. मी मशीनवर होतो, पाठमोरा, पण समोरच्या आरशात ती दिसत होती. तिने शर्ट बराच वेळ तसाच धरला. मग सुई ओवली आणि सातही बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे अंगठा, मग पालथं, मग भिंत. टाचा टेकल्या, कंबर टेकली. मंदाने बाजूने चार बोटं घातली. मी "चारच" ऐकायची वाट बघत होतो. मग तिने दुसरा हात आणला.

"सात हायती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला बी माहीत हाय तुमाला माहीत हाय ते. चला, हात वर करा."

हात कानापर्यंत गेले. पुढे गेले नाहीत. तिने दहापर्यंत मोजलं, एकही न गाळता.

त्या दिवसापासून आम्ही खरं मोजतो. आज सकाळी आठ होती. दोन्ही हातांची चार-चार बोटं पुरती बसली. मी भिंतीशी उभ्याउभ्याच विचारलं, "नववं झालं की कसं मोजशील?"

"तुमचा हात घिऊ की," मंदा म्हणाली.

माझा हात आता मागे तिथपर्यंत पोचत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.